रस्त्यावर अहिंसा, दाराशी पहारा

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरात बंदुका होत्या.

हे वाचून काहींना धक्का बसेल. काही जण ‘बघा, आम्ही म्हणतच होतो’ म्हणत पुढचं न वाचताच शेअर करतील. दोघांनाही विनंती, शेवटपर्यंत वाचा. पोस्ट मोठी आहे, कारण विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही, आणि दोन ओळींत उरकून उरकूनच त्याचा चोथा झालाय.

गोष्ट १९५६ च्या सुरुवातीची. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर. रोझा पार्क्स यांनी १ डिसेंबर १९५५ ला बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. गांधीहत्येला त्या दिवशी बरोबर ८ वर्षं झाली होती. किंग सभेत होते. घरात पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची मुलगी. किंग धावत आले तेव्हा अंगणात संतापलेली गर्दी जमली होती आणि काहींच्या हातात हत्यारं होती. त्याच फुटक्या ओसरीवर उभं राहून त्यांनी लोकांना शांतपणे घरी जायला सांगितलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते.

पुढची कमी सांगितली जाते. त्याच किंगनी बंदूक सोबत घेऊन फिरण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. घराला हत्यारी पहारा बसला. काही आठवड्यांनी बेयर्ड रस्टिन हे गांधीविचाराचे जुने कार्यकर्ते त्यांना भेटायला आले, सोबत विल्यम वर्दी नावाचे पत्रकार. वर्दी दिवाणखान्यातल्या एका खुर्चीत बसायला गेले आणि रस्टिन ओरडले, थांब, तिथे पिस्तूल आहे! त्या खुर्चीत खरंच पिस्तूल पडलेलं होतं. किंग तेव्हा २७ वर्षांचे होते. अहिंसा त्यांना पुस्तकातून ठाऊक होती, पण अंगवळणी पडायची होती. ती पुढे पडली आणि घरातली बंदूक गेली. पण ज्या दिवसांत हे आंदोलन उभं राहिलं, त्या दिवसांत ती खुर्चीत होती हेही तितकंच खरं.

आपल्याकडे दर २ ऑक्टोबरला एक ठरलेला वाद होतो. एक बाजू म्हणते, अहिंसेने कधी कुणाला काही मिळालं नाही. दुसरी बाजू अमेरिकेकडे बोट दाखवून म्हणते, किंगच्या लोकांनी साधा दगड न उचलता हक्क मिळवले. तो सगळा काळ मी बरीच वर्षं जमेल तसा वाचत आले आहे आणि मला दोन्ही बाजूंचा राग येतो. पहिल्या बाजूला त्या आंदोलनाने काय काय जिंकलं याची गंधवार्ता नसते. दुसऱ्या बाजूला, ते जिंकेपर्यंत रात्रीच्या रात्री कोण जागत बसलं होतं, याची फिकीर नसते.

आधी अहिंसेबद्दल, कारण तिची चेष्टा करणाऱ्यांना ती म्हणजे गप्प मार खाणं वाटतं.

मी नागपूरची. हिस्लॉप कॉलेजवरून आयुष्यभर ये-जा केली. जेम्स लॉसन नावाचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण तिथे १९५३ ते १९५६ मुलांना शिकवत होता, खेळांचं प्रशिक्षण देत होता, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या शाळेत, घरात कुणी कधी सांगितलं नाही. लॉसननी कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला होता, त्यापायी तुरुंगवास भोगला होता आणि मग मेथॉडिस्ट चर्चच्या कामावर ते नागपुरात आले होते. गांधींच्या मार्गाचा अभ्यास करणं हाही हेतू होता. मॉन्टगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर फेब्रुवारी १९५७ मध्ये ओबर्लिन इथे त्यांची किंगशी भेट झाली. किंग म्हणाले, वेळ घालवू नका, आत्ताच दक्षिणेत या. किंग स्वतः १९५९ मध्ये भारतात आले, मुंबईत मणिभवनात राहिले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण सत्याग्रहाचं तंत्र तिकडे रुजवण्यात लॉसन यांचा वाटा फार मोठा, आणि तो नागपूरहून गेला.

लॉसननी नॅशव्हिल शहरात काय केलं ते नीट बघा. चर्चच्या खोल्यांमध्ये कॉलेजच्या मुलामुलींच्या तालमी घेतल्या, महिनोन्‌महिने. निम्म्यांनी गोरे गुंड व्हायचं, निम्म्यांनी हॉटेलच्या, कृष्णवर्णीयांना मज्जाव असलेल्या काउंटरवर बसायचं. गुंडांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ओढून खाली पाडायचं. बसणाऱ्यांनी डोकं कसं वाचवायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर आपलं अंग मध्ये घालून तो कसा विभागून घ्यायचा, हे शिकायचं. ज्याला राग आवरत नसेल त्याने काउंटरवर जायचं नाही, दुसरं काम घ्यायचं. १३ फेब्रुवारी १९६० ला ती मुलं खरोखर जाऊन बसली. नियम लिहून काढलेले होते: उलट मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, ताठ बसायचं, तोंड काउंटरकडे, दुकानाचं दार अडवायचं नाही. १९ एप्रिलला त्यांच्या वकिलाच्या, झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक महापौरांकडे चालत गेले. डायान नॅश या विद्यार्थिनीने भर गर्दीत महापौर बेन वेस्ट यांना विचारलं, केवळ रंगावरून माणसाला वेगळं वागवणं तुम्हाला योग्य वाटतं का? ते म्हणाले, नाही. १० मे रोजी नॅशव्हिलची लंच काउंटर कृष्णवर्णीयांना खुली झाली.

हे मार खाणं नव्हे. कुठे, कोणासमोर, कधी आणि किती वेळ उभं राहायचं हे आंदोलकांनी ठरवलेलं होतं. गोऱ्यांनी हात उचलला तर फोटोत गोरेच उघडे पडणार, ही त्यामागची पक्की जाण होती. १९६३ मध्ये अलाबामातल्याच बर्मिंगहॅमला पोलिसांनी मोर्चात उतरलेल्या शाळकरी मुलांवर कुत्रे सोडले, अग्निशमन दलाचे पाण्याचे फवारे सोडले, आणि ती चित्रं जगभर गेली. ११ जूनला राष्ट्राध्यक्ष केनेडींना टीव्हीवर येऊन नागरी हक्कांच्या कायद्याची घोषणा करावी लागली. देशात जेमतेम १० टक्के असलेल्या समाजाला हे बंदुकीने साधलं असतं, असं म्हणणाऱ्याने एकदा ते आकडे आणि तो नकाशा समोर ठेवून बोलावं.

इथवर दिवसाची बाजू. आता रात्रीची.

काउंटरवर बसण्याला वेळ ठरलेली असते, समोर कॅमेरे असतात. मिसिसिपीच्या खेड्यातल्या घरावर रात्री दोन वाजता पेटती बाटली येऊन पडते तेव्हा कॅमेरा नसतो. होम्स काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेतकरी हार्टमन टर्नबो यांचंच बघा. ९ एप्रिल १९६३ ला १४ माणसं मतदारयादीत नाव घालायला लेक्सिंग्टनच्या कोर्टात गेली. दारात अधिकारी कमरेच्या पिस्तुलावर हात ठेवून विचारत होता, बोला, पहिला कोण? टर्नबो पुढे झाले. त्या भागातल्या या शेतकऱ्यांकडे स्वतःची जमीन होती, रूझवेल्ट यांच्या काळातल्या सरकारी योजनेतून मिळालेली. गोऱ्या जमीनदाराच्या घरात राहणाऱ्याला नाव नोंदवलं की घर सोडावं लागायचं, यांना तसं कुणी हाकलू शकत नव्हतं. म्हणून हेच पहिले उठले. (या मुद्द्यावर वेगळं लिहायला हवं. हक्कांच्या लढाईत पहिलं पाऊल कोण टाकू शकतो, हे पुष्कळदा सातबाऱ्यावर ठरतं.)

महिन्याभरात टर्नबोंच्या घरावर पेटत्या बाटल्या पडल्या. आत बायको आणि मुलगी. ते रायफल घेऊन बाहेर आले आणि बाहेर टपलेल्यांवर गोळ्या झाडल्या. हल्लेखोर पळाले, घर वाचलं. सकाळी शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, टर्नबोंनाच अटक केली, स्वतःचं घर स्वतःच पेटवल्याच्या आरोपाखाली! पुढे टर्नबो याबद्दल सांगायचे की मी काही अहिंसेच्या विरुद्ध वागलो नाही, मी फक्त माझ्या कुटुंबाचं रक्षण केलं. या उत्तरात मला कुठेही विसंगती दिसत नाही. कोर्टात निःशस्त्र पुढे होणारा आणि रात्री रायफल घेऊन बाहेर येणारा माणूस एकच होता. अशाच घरांमध्ये शहरांतून आलेले अहिंसावादी विद्यार्थी कार्यकर्ते मुक्कामाला असायचे. त्यांना झोप मिळायची, कारण यजमान जागा असायचा.

आणि बंदूक असली की जीव वाचतोच असंही नाही. हॅटिसबर्गजवळचे व्हर्नन डाहमर हे दुकानदार आणि शेतकरी. मतदानासाठी भरावा लागणारा कर गरिबांना शहरात जाऊन भरणं अवघड, म्हणून तो आपल्या दुकानात स्वीकारतो असं त्यांनी जाहीर केलं. १० जानेवारी १९६६ च्या पहाटे कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीने घर पेटवलं. डाहमर पुढच्या बाजूने गोळ्या झाडत राहिले आणि बायको एली मुलांना घेऊन मागच्या खिडकीतून बाहेर पडल्या. १० वर्षांची मुलगी भाजली. कुटुंब वाचलं. धुराने आणि आगीने डाहमर यांची फुप्फुसं जळाली होती, ते त्याच दिवशी गेले. त्यांचे चार मुलगे तेव्हा अमेरिकेच्या सैन्यात होते. गणवेशात घरी येऊन, जळून गेलेल्या घराच्या राखेत उभे असलेल्या त्या चौघांचा फोटो आहे. शोधून बघा. या माणसाला ‘तुम्ही बंदूक का उचललीत’ असं विचारायची माझी तरी हिंमत नाही.

या सगळ्यावर त्या काळातही वाद झालाच, आणि तो आजच्या आपल्या वादापेक्षा कितीतरी प्रामाणिक होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या मनरो गावात रॉबर्ट विल्यम्स हे माजी सैनिक एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शाखेचे अध्यक्ष होते. १९५७ मध्ये क्लानच्या मोटारींचा ताफा त्यांचे सहकारी डॉ. अल्बर्ट पेरी यांच्या घरावर चालून आला, तेव्हा विल्यम्सच्या माणसांनी वाळूच्या पोत्यांआडून गोळीबार करून तो पळवून लावला. त्यानंतर नगरपालिकेने असे ताफे काढायलाच बंदी घातली. १९५९ मध्ये एका गरोदर कृष्णवर्णीय बाईवर बलात्काराचा प्रयत्न केलेल्या गोऱ्या माणसाला कोर्टाने निर्दोष सोडलं. कायद्यावर विसंबा असं विल्यम्सनीच त्या बाईच्या माणसांना आधी समजावलं होतं. कोर्टातल्या बायांनी त्यांनाच जाब विचारला. विल्यम्स बाहेर आले आणि म्हणाले, यापुढे हिंसेला हिंसेने उत्तर. संघटनेने त्यांना सहा महिने निलंबित केलं.

किंग यांनी त्यावर त्याच वर्षी लेख लिहून उत्तर दिलं. ते उत्तर आपल्याकडच्या दोन्ही बाजूंनी वाचायला हवं. त्यांनी तीन मार्ग वेगळे केले: शुद्ध अहिंसा, स्वसंरक्षण, आणि हक्क मिळवण्याचं साधन म्हणून संघटित हिंसा. तिसऱ्याला त्यांचा ठाम विरोध. पण दुसऱ्याबद्दल ते स्पष्ट लिहितात की शस्त्राने केलेल्या स्वसंरक्षणाचाही धिक्कार गांधींनी केलेला नाही. गांधींनी १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिलंच होतं की भ्याडपणा आणि हिंसा एवढ्या दोनच वाटा असतील तर मी हिंसेचा सल्ला देईन. किंग यांचा आक्षेप होता तो स्वसंरक्षणाला आंदोलनाचा झेंडा बनवण्यावर. घर राखणं वेगळं, मोर्चात बंदूक नेणं वेगळं.

मला ही रेघ पटते. पण ती आखायला जितकी सोपी तितकी पाळायला सोपी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे.

लुइझियानात १९६४ मध्ये जोन्सबरो गावात ‘डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस’ ही संघटना निघाली. मजूर, कारखान्यातले कामगार, त्यांतले कित्येक माजी सैनिक. काम एकच, कार्यकर्त्यांचं आणि वस्तीचं रक्षण. पुढच्या वर्षी बोगालुसा या कागद गिरणीच्या गावात तिची शाखा निघाली, ती एका रात्रीमुळे. १ फेब्रुवारी १९६५ ला पोलीस रॉबर्ट हिक्स यांच्या घरी आले आणि म्हणाले, तुमच्याकडे उतरलेल्या दोन गोऱ्या कार्यकर्त्यांना बाहेर काढा, जमाव येतोय, आम्ही काही करू शकत नाही. हिक्सनी पाहुण्यांना बाहेर काढलं नाही. घरच्यांनी फोन फिरवले आणि शेजारीपाजारी बंदुका घेऊन ओसरीत येऊन बसले. जमाव आलाच नाही.

पण जुलैमध्ये त्याच गावात मोर्चावर दगडफेक झाली, एका मुलीला लागलं, तिला गाडीत घेताना गोरे अंगावर आले आणि एका डीकनने गोळी झाडली. एक गोरा माणूस गंभीर जखमी झाला, सुदैवाने वाचला. ती गोळी मोर्चाच्या वेळीच सुटली होती. आणि त्यानंतर काही दिवसांतच, इतके महिने थंड बसलेल्या केंद्राच्या न्यायखात्याने क्लानविरुद्ध आणि गावच्या पोलिसांविरुद्ध कोर्टात धाव घेतली. अहिंसेच्या बाजूने बोलणाऱ्या मला हे अडचणीचं आहे. तरी ते लपवून मी अहिंसेची बाजू मांडणार नाही.

याच्या उलटही एक प्रसंग आहे आणि तो मला त्याहून मोठा वाटतो. ७ मार्च १९६५, अलाबामातलं सेल्मा गाव. एडमंड पेटस पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या सुमारे ६०० मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं, घोड्यांखाली तुडवलं. रक्तबंबाळ माणसं वस्तीत परतली आणि तरुण बंदुका आणायला घरी निघाले. किंग यांचे सहकारी अँड्र्यू यंग त्यांच्यात शिरले. त्यांनी प्रवचन दिलं नाही. विचारलं, कुठली बंदूक आहे तुझ्याकडे? किती गोळ्या? समोर किती बंदुका आहेत माहितीये? त्यांच्यातल्या छऱ्यांनी हरणाचं काय होतं पाहिलंयस ना? बहुतेकांनी पाहिलं होतं, सगळी शिकार करणारी माणसं. ती थांबली. ६ ऑगस्टला मताधिकाराचा कायदा झाला. त्या संध्याकाळी सेल्मात एक जरी गोळी सुटली असती, तर दुसऱ्या दिवशी देशाने पुलाऐवजी त्या गोळीबद्दल बोलायला सुरुवात केली असती, असं मला अगदी मनापासून वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं. हक्क मिळाले ते रस्त्यावरच्या शिस्तबद्ध अहिंसेने. ती अहिंसा रस्त्यावर येईपर्यंत जगली, ती पुष्कळ ठिकाणी दाराशी बसलेल्या पहाऱ्यामुळे. आणि कुठे अहिंसा, कुठे पहारा, हे ठरवायचा अधिकार ज्याचं घर जळतंय त्याचा. लॉसन, नॅश, किंग यांना अहिंसा शिकवायचा हक्क होता, कारण पहिला मार ते स्वतः खात होते. सुरक्षित घरात बसून, अत्याचार झालेल्या वस्तीला ‘तुम्ही शांतता राखा’ एवढंच सांगणारे, आणि अत्याचार करणाऱ्यांच्या गावात जाऊन तेच सांगायची ज्यांची छाती होत नाही, त्यांनी किंग यांचं नाव घेऊ नये.

तसंच डीकन्सचं नाव घेऊन तलवारी नाचवत मिरवणुका काढायची स्वप्नं बघणाऱ्यांनीही घेऊ नये. डीकन्स कधी कुणाच्या मोहल्ल्यावर चालून गेले नाहीत. शिवाय तिकडे घरात बंदूक बाळगणं कायदेशीर होतं आणि खेड्यात घरोघरी शिकारीची बंदूक असायचीच. आपल्याकडे शस्त्राला परवाना लागतो आणि तो कोणाला सहज मिळतो, कोणाला मिळत नाही, हे आपण सगळे जाणतो. तिथली वाट जशीच्या तशी इथे उचलून आणता येत नाही.

एक गोष्ट मात्र तिकडून इथे आलेलीच आहे. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ब्लॅक पँथर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे १९६६ मधलं कॅलिफोर्नियाचं ओकलंड येतं, काळी जाकिटं आणि बंदुका. पण ओकलंडच्या तरुणांनी ते चिन्ह घेतलं होतं अलाबामाच्या लाउन्ड्स काउंटीतून, आणि तिथे काळा बिबट्या हे निवडणूक चिन्ह होतं! काउंटीत सुमारे ८० टक्के कृष्णवर्णीय, आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत त्यांच्यातला एकही नाही. तरुण कार्यकर्ते स्टोकली कार्मायकेल आणि त्यांच्या साथीदारांनी तिथल्या शेतमजुरांसोबत घरोघर जाऊन नोंदणी केली. नोंदणी केली म्हणून जमीनदारांनी घरातून काढलेली कुटुंबं हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून राहिली. रात्री तंबूंवर गोळ्या झाडल्या जायच्या, म्हणून माणसं आळीपाळीने बंदूक घेऊन जागायची आणि सकाळी पुन्हा नोंदणीला जायची. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि नोव्हेंबर १९६६ ची पहिली निवडणूक हरले. तरी नोंदणी थांबवली नाही. १९७० मध्ये त्या पक्षाचे नेते जॉन ह्युलेट निवडून आले, काउंटीचे शेरीफ म्हणून.